तीस जागा

२ डिसेंबर २०२४

आलो एकदाच्या. ट्रंक, दोन पिशव्या, पुस्तकांची चार गाठोडी आणि दाक्षायणीची सायकल एवढं मैंदर्गीहून टेम्पोत मावलं, आणि वर आम्ही मायलेकीही मावलो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेम्पो वळला तसा मागांचा खडखडाट सुरू झाला, तो अजून थांबलेला नाही. दाक्षायणी म्हणाली, अव्वा, इथं माणसं झोपतात कशी? मी म्हटलं, झोपतात, आवाज थांबला की दचकून उठत असतील. ती हसली. तिचे वडील जाऊन तीन वर्षं झाली. ती हसली की मी अजून हातातलं काम थांबवते.

खोली टॉवेल कारखान्याच्या ऑफिसमागं आहे. दहा बाय दहा, पण स्लॅबची. मोरी आतच. दाराला आतून कडी आहे. असं दार मला तीन वर्षांनी मिळालं. मंजुनाथ गेल्यावर दिरानं रद्दीचं दुकान घेतलं, जाऊबाईंनी स्वयंपाकघर घेतलं आणि आम्ही दोघी सोप्यात आलो. हाकललं कुणी नाही. रोज वीतभर जागा कमी होत गेली, इतकंच. शेवटी माझं अंथरूण पडायचं तिथं ज्वारीची पोती आली, आणि जाऊबाई म्हणाल्या, पोती कुठं ठेवायची मग, डोक्यावर?

काम साधं आहे. ऑफिस उघडायचं, फोन घ्यायचे, माल निघाला की कागद द्यायचे, हजेरीवर लक्ष ठेवायचं. मालक सिद्धलिंगप्पा माझ्या माहेरकडून लांबचे लागतात. त्यांनी विचारलं, चंद्रिकाबाई, वाचता येतं ना? मी म्हटलं, तेवढंच येतं. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी दुकानातल्या रद्दीत वाचलं. कादंबऱ्या, कायद्याची पुस्तकं, पाण्याच्या पंपाची माहितीपत्रकं. मंजुनाथ वजन करायचा आणि मी वाचून होईपर्यंत गठ्ठा बांधायचा नाही.

फाटकावर बसप्पा वॉचमन आहे. साठीचा असेल. तंबाखू, अर्धा चहा आणि कन्नड शिव्या यांवर त्याचा दिवस जातो. पुस्तकांचं गाठोडं उचलून म्हणाला, अक्का, ह्यात दगडं भरल्यात की काय? मी म्हटलं, पुस्तकं आहेत. तो म्हणाला, म्हंजे दगडंच की.

५ डिसेंबर

इथं हजेरी फोनवर लागते. अंगठ्याचं यंत्र होतं, ते कापसाच्या तुसानं बसलं. आता कामगाराचा फोन कारखान्याच्या वायफायला लागला की तो हजर, नाही लागला की गैरहजर. मग तो मागावर घाम गाळत उभा का असेना. आज दुपारच्या पाळीतले सहाजण गैरहजर लागले. सहाही माझ्या टेबलासमोर उभे होते. प्रत्येकाच्या फोनवर एक चक्र फिरत होतं आणि खाली लिहिलेलं, ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’.

मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी दानेश्वरी म्हणाली, बाई, मी हितं उभी हाय की! डोळ्यानं बघा आन् लिवा. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, डोळ्याची हजेरी बंद केली आपण, डोळे ओळखीचे असतात. दानेश्वरी जाता जाता म्हणाली, मग आमचं आंग तरी कशाला आनायचं, फोनच पाठवतो की.

७ डिसेंबर

वायफायचे तौसिफभाई आले. दाढी पिकलेली, खिशात चार पेचकस. त्यांना घाई होती, तरी मी विचारत राहिले आणि ते सांगत राहिले. म्हणाले, भाभी, दर्ग्याभाईर चप्पल ठेवताना बिल्ला मिळतो ना, तसंच हाय समजो. राउटर म्हणजे बिल्लेवाला. फोन आला की तो आपोआप एक आकडा देतो, त्यालाच पत्ता म्हणायचं. इथं दोनपासून एकतीसपर्यंत, म्हणजे तीस बिल्ले आहेत. कॅमेरे, कॉम्प्युटर वेगळे, त्यांचे पत्ते कायमचे ठरवलेले. फोनसाठी तीस.

माणसंही तीसच. दोन पाळ्यांचे मिळून सव्वीस, मालक, बसप्पा, मी आणि दाक्षायणी. मग पुरत का नाही? ते तौसिफभाईंना कळेना. मला कळलं. एखादा आला नाही की बदलीवाला उभा राहतो, आणि हजेरी मूळ माणसाची लागावी म्हणून त्याचा फोन खिशात घालून येतो. म्हणजे माणूस एक, फोन दोन, बिल्ले दोन. शिवाय एकदा दिलेला बिल्ला चोवीस तास परत येत नाही, फोनवाला घरी जाऊन जेवला तरी. तौसिफभाई हसून म्हणाले, भाभी, तुम्ही माझं काम खाणार.

मी म्हटलं, जागा वाढवा. मालकांनी आतून ओरडून सांगितलं, तीस माणसं, तीस जागा. वाढवल्या तर सगळी एमआयडीसी इथं येऊन सिनेमे बघेल. मग मुदत चोवीस तासांवरून दोन तासांवर आणली. राउटरच्या पानावर जायचं कसं, नोंदी बघायच्या कशा, हेही मी लिहून घेतलं. माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. शब्दकोश काढला. अडलं की दाक्षायणीला विचारते. ती मान वर न करता सांगते आणि मी विचारलं याचा तिला आनंद होतो, हे मला दिसतं.

१० डिसेंबर

तीन दिवस एकही गैरहजेरी चुकीची लागलेली नाही. दानेश्वरीनं शेंगाचटणीची पुडी आणून दिली. मालक काही बोलले नाहीत, म्हणजे खूश आहेत.

मला नोंदी वाचायचा नाद लागला आहे. कोण किती वाजता आलं, त्यानं कोणती जागा मागितली, राउटरनं काय उत्तर दिलं, सगळं ओळीनं असतं. फोनला मागची जागा आठवते. दुसऱ्या दिवशी आला की आधी तीच मागतो. रिकामी असली तर मिळते, नाहीतर दुसरी घेतो. मी तेरा नंबरला आहे, दाक्षायणी बाराला. बसप्पा सत्तावीसला. तो फाटकामागच्या खोपटातच राहतो आणि रात्री जेवायला तेवढा घरी जातो, म्हणून त्याची जागा कधी सुटतच नाही.

आणि एक आहे, नाव नसलेलं. प्रत्येक यंत्राला बारा अक्षरांचा एक आकडा असतो, तेवढाच दिसतो. ते दर चार मिनिटांनी सत्तावीस मागतं. राउटर नाही म्हणतो. चार मिनिटांनी पुन्हा. बाकीच्या सात-आठ जागा मोकळ्या असतात, त्या घेत नाही. मी मागं मागं गेले. नोंदी मार्चपर्यंतच्या आहेत, आणि मार्चमध्येही ते मागतच होतं.

तौसिफभाईंना फोन केला. म्हणाले, आकड्याच्या सुरुवातीवरून कंपनी कळते भाभी, ह्याची कळत नाय. असेल कुठं भिंतीत जुनं काहीतरी चालू. सोडून द्या.

१३ डिसेंबर

सोडून देता येईना. आज मंजुनाथची तिथी होती. नैवेद्य केला, दाक्षायणी कॉलेजला गेली, आणि मी दिवसभर त्या ओळी बघत बसले. सत्तावीस. नाही. सत्तावीस. नाही. मला सोप्यातले दिवस आठवले. मी पण रोज विचारायची, माझा पाट इथं होता ना, माझी चूल इथं होती ना. दुसरीकडं बसायला जागा होती, तसं नाही. पण माझी जागा ती होती.

राउटरच्या पानावर जागा बांधून द्यायचा तक्ता आहे. डावीकडं यंत्राचा आकडा, उजवीकडं जागेचा. त्या बारा अक्षरांपुढं मी सत्तावीस लिहिलं. बसप्पाच्या फोनला कोणताही आकडा चालतो, त्याला मोकळ्यातला एक आपोआप मिळेल. कुणाचं काही जाणार नव्हतं.

दाबलं. चार मिनिटं थांबले. नोंद आली. सत्तावीस मागितलं, सत्तावीस दिलं. मग ओळी थांबल्या. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

१६ डिसेंबर

बसप्पाच्या फोनला जागा मिळत नाही. सहा मोकळ्या आहेत तरी. अक्का, माजा फोन नुस्ता गरागरा फिरायलाय, म्हणाला. मी बंद करून चालू केला, नेटवर्क विसरायला लावून परत जोडला. चक्र फिरतंच आहे. हजेरीत मात्र तो हजर लागला आहे. यादीत बघितलं, सत्तावीस त्या बारा अक्षरांना दिल्यापासून परवापर्यंत तिथं नाव नव्हतं. आज ‘बसप्पा’ लिहिलं आहे.

जाताना म्हणाला, सकाळधरनं कुनी राम राम घालंना झालंय बघा. मालकाची गाडी तर अंगावरच आली. दिसत न्हाय का काय त्येंना.

१८ डिसेंबर

बसप्पात फरक पडला आहे. स्टुलावर ताठ बसतो. चहा पाठवला, तसाच परत आला, वर साय धरून. तंबाखू सोडली म्हणे. माझ्याशी बोलला ते स्वच्छ, पुस्तकी. नमस्कार ताई, आपला दिवस शुभ असो. मी थट्टा समजले आणि हसले. तो हसला नाही.

दुपारी त्याची बायको पार्वतम्मा भाकरी घेऊन आली. तिचा चेहरा फुलला होता. म्हणाली, अक्का, चाळीस वर्सात पयल्यांदा ह्येनी मला ‘बस’ म्हनलं. शिवी न्हाय, काय न्हाय. देवच पावला. मालकही खूश. म्हणाले, म्हाताऱ्याला आता अक्कल आली.

२० डिसेंबर

रस्त्यापलीकडं, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणापाशी बसप्पा उभा आहे.

फाटकावरही बसप्पा बसला आहे.

मी खिडकीतून दोघांना एकदम बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग मालाचे कागद द्यायचं निमित्त करून बाहेर गेले. पलीकडच्याच्या अंगावर तोच खाकी शर्ट, पण मळलेला, ओठ फुटलेले. मला बघून रडायला लागला. अक्का, तुमाला दिसतो मी? माज्या जागंवर कोन बसलंय? म्हणाला, फाटक उघडं आहे, पाऊल आत टाकतो, ते पडतं पुन्हा रस्त्यावरच. घरी गेला, तिथंही उंबऱ्यावर तसंच. पार्वतम्माला फोन लावला, तर ती म्हणाली, आमचं घरधनी तर हितं जेवायलेत, तू कोन रं भाड्या?

टपरीवाला त्याच्या अंगावर पाणी फेकून गेला. त्याला तिथं कुणी दिसलंच नव्हतं.

मी त्याला भाकरी दिली. खाल्ली. मी त्याला सांगितलं नाही की हे मी केलं.

२१ डिसेंबर

मालकांना न विचारता जागा वाढवल्या. साठपर्यंत नेल्या. वाटलं, ज्याला हवी त्याला मिळेल, भांडण कशाचं. पण मोकळी जागा बसप्पाच्या फोनला लागत नाही, आणि त्या नाव नसलेल्याला तर ती कधी नकोच होती. त्याला कुणीतरी बसलेलीच जागा हवी असते.

नोंदीत आता बसप्पाचा फोन आहे. दर चार मिनिटांनी सत्तावीस मागतो. राउटर नाही म्हणतो.

२३ डिसेंबर

बांधलेलं सोडलं. तक्त्यात त्या बारा अक्षरांची ओळ पुसली आणि बसप्पाच्या फोनपुढं सत्तावीस लिहिलं. खिडकीतून बघत होते. स्टूल रिकामं झालं, मी पापणी मिटली तेवढ्यात. मग बसप्पा रस्ता ओलांडून आला, फाटकातून आत आला, स्टुलावर बसला आणि हंबरडा फोडून रडला.

दुपारी पार्वतम्मा आली. त्यानं तिला कन्नडमधून दोन शिव्या घातल्या आणि भाकरी हिसकून घेतली. तिचा चेहरा उतरला. मालक म्हणाले, आलं मूळ पदावर. कुणालाच आनंद झाला नाही. मैंदर्गीला मी परत गेले तरी असंच होईल.

साठच्या परत तीस केल्या.

२४ डिसेंबर

ते परत मागतं आहे. नाव नाही, तीच बारा अक्षरं. आता बारा मागतं.

बारा म्हणजे दाक्षायणी.

मी लगेच बारा तिच्या फोनला बांधली. आकडा दोनदा चुकला. रात्री तिनं विचारलं, अव्वा, एवढं काय बघतेस माझ्याकडं? मी म्हटलं, केस वाढलेत तुझे. तिनं वेणी माझ्या हातात दिली.

२५ डिसेंबर

बारा मिळेना म्हटल्यावर एकोणीस मागू लागलं. ती दानेश्वरी. तिला दोन लेकरं आहेत. एकोणीस बांधली. मग आठ. आठ बांधली. मी एक बांधते, ते दुसरी मागतं.

राउटर बंद करून बघितला. दहा मिनिटांत मालक आले. हजेरी थांबली, माल थांबला. म्हणाले, चंद्रिकाबाई, तुम्हाला जागा दिली ती काम चालावं म्हणून, बंद पडावं म्हणून नाही. खोलीकडं बघून म्हणाले. परत चालू केला.

तौसिफभाई सोलापुरात नाहीत, मेहुण्याच्या लग्नाला गेले आहेत. फोनवर मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, भाभी, थोडा आराम करो.

उद्या सगळ्यांच्याच बांधून टाकायच्या. तीसच्या तीस. एकही सुटी राहिली नाही तर त्याला शिरायला वाटच नाही.

२६ डिसेंबर

दुपारी सव्वातीन. हे रस्त्यावर बसून लिहिते आहे. रोजनिशी हातातल्या पिशवीत होती म्हणून.

सकाळपासून एकेकाला बोलावून फोनवरचा आकडा उतरवून घेत होते. आधी दाक्षायणीचा तपासला. मग दानेश्वरी, मग बसप्पा, मग मागवाले, मग मालक. एकोणतीस झाले. माझा राहिला होता. मी माझा शेवटी ठेवला. जन्मभर सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर बसले, भांड्यात उरलं ते घेतलं, तसंच हेही केलं. कुणी सांगितलं नव्हतं. हातालाच सवय.

एकोणतिसावा लिहिला आणि लाईट गेली.

माग थांबले. एवढी शांतता मी इथं आल्यापासून ऐकली नव्हती. मी बाहेर आले. शेजारच्या कारखान्यात लाईट आहे का बघायला रस्ता ओलांडला. सगळेच बघतात. त्यांचीही गेली होती. परत वळले तेवढ्यात आली, माग सुरू झाले.

लाईट आल्यावर राउटर सगळं विसरतो. बांधलेलं तेवढं लक्षात ठेवतो. बाकी, जो आधी मागेल त्याला. मी रस्त्यावर होते.

माझ्या फोनवर चक्र फिरतं आहे.

ऑफिसच्या खिडकीत माझ्या खुर्चीवर बाई बसली आहे. माझं निळं लुगडं, माझा चष्मा. ताठ बसली आहे.

फाटक उघडं आहे. पाऊल टाकलं. रस्त्यावरच पडलं.

२८ डिसेंबर

बसप्पाला मी दिसते. बाहेर राहून गेला ना, म्हणून असेल. मालकाची पाठ वळली की अर्धा चहा आणून देतो. अक्का, मी हाय, भिऊ नगा, म्हणतो. मी त्याला खरं सांगितलं, तुझी जागा मीच दिली होती. त्यानं तंबाखू थुंकली. मग म्हणाला, मला म्हाईत नव्हतं, तुमालाबी नव्हतं. चहा प्या, गार होतोय.

दाक्षायणी सकाळी सायकलवरून गेली. मी नावानं हाक मारली. चाकाची धूळ माझ्या पायावर आली. तिनं वळून बघितलं नाही.

३० डिसेंबर

संध्याकाळी पाळी बदलताना खडखडाट कमी झाला तेव्हा मी मागच्या गल्लीत होते, खोलीचं दार उघडं होतं. आतून दाक्षायणीचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, बराच वेळ.

ती बाई रडत नाही म्हणे. मंजुनाथचं नाव काढत नाही. फोटो उतरवून ट्रंकेत ठेवला. बसप्पा सांगत होता. पोर खुशीत हाय, म्हणाला, आणि मग जीभ चावली.

मी काय दिलं तिला तीन वर्षं. वेणी घातली आणि रडले.

२ जानेवारी

तौसिफभाई परवा येऊन गेले. त्या बाईनं त्यांच्याकडून राउटरच्या मागच्या भोकात पिन दाबून घेतली. बांधलेल्या सगळ्या जागा पुसल्या. मालकांना म्हणाली, बदलीवाल्यांची सोय होईल. मालक म्हणाले, ह्या बाईला धंदा कळतो.

बारा उघडी पडली.

पण मागत नाही. बसप्पाला मी नोंदी बघायला शिकवलं, त्याच्या फोनवर. दोन दिवस बघतो आहे. ते तेरावर बसलं आहे, गप्प आहे. कुणाची मागत नाही.

म्हणजे माझ्या जागेवर आहे तोवर दाक्षायणी आहे.

४ जानेवारी

नोंदीत दर चार मिनिटांनी एक ओळ पडते. तेरा. नाही. माझा फोन.

मी फोन बंद केला. बसप्पा म्हणाला, वळ पडली की पुन्यांदा. बॅटरी काढता येत नाही याची. दगडानं फोडला. चक्र फुटलेल्या काचेखाली फिरतं आहे. ओळ पडली.

फोन मागत नाही. मी मागते. मला आत जायचं आहे, दुसरं काही मला येत नाही आता. मनाला नको म्हणते, आणि चार मिनिटांनी—

५ जानेवारी

ते पहिलं कोण होतं, आता वाटतं. असंच कुणीतरी. कुणाची बायको, कुणाचा वॉचमन. सत्तावीसवर कोणे एके काळी बसलेलं. त्यालाही कुणी भाकरी दिली असेल का? इतकी वर्षं मागून मागून नाव गळून गेलं असेल.

माझं आहे अजून. चंद्रिका. चंद्रिका मंजुनाथ—

६ जानेवारी

त्या बाईनं राउटर दाक्षायणीकडं सोपवला आहे. कॉलेजातून आली की ती ऑफिसात बसते, नोंदी वाचते. खिडकीतून दिसते मला. हनुवटीखाली हात. मी बसायची तशीच.

वाचू नकोस गं.

७ जानेवारी

तिनं बसप्पाला विचारलं. बसप्पामामा, हे तेरा कोण मागतंय सारखं? मला कसंतरी होतं बघून.

बसप्पा हे सांगत आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. अक्का, तुमची लेक लई मायाळू हाय.

मी म्हटलं, काय सांगितलंस तिला? तो म्हणाला, अजून काय न्हाय. मी त्याचे पाय धरले. सांगू नकोस. मी आत गेले की ते बारा मागेल. बारा बांधली तर दानेश्वरी, तिची बांधली तर दुसरं कुणी. एक जण बाहेर राहणारच, तीस जागा आणि एकतीस— मी राहते. मला सवय आहे. तो मान हलवत होता. कळलं की नाही कळलं—

८ जानेवारी

सकाळी चहा नाही आला.

दुपारी

बसप्पा आला. हसत होता. म्हणाला, अक्का, तुमचं उपकार फेडलं म्या. पोरीला म्हनलं, जी मागतीया ती तुजी खरी अव्वा हाय, तेरा देऊन टाक तिला. पोर रडली, म्हणाला. लगीच कॉम्प्युटरवर बसलीया.

मी ओरडले त्याच्यावर. बारा बांध म्हणावं आधी, तुझी बांध, पळ, सांग तिला— तो पळाला. म्हातारा आहे. फाटकापर्यंतच अजून—

खिडकीत आहे ती. मान खाली. टाइप करते आहे.

दाक्षायणी माझी दया करू नकोस. मी ओरडते आहे, माग थांबत नाहीत, ऐकू जात नाही. नको देऊस. मी बरी आहे इथं, मला चहा मिळतो, मी—

वर बघितलं तिनं. माझ्याकडं बघितलं. मी दिसते तिला. हसली

फोनवरचं चक्र थांब—